आई : संदर्भ हवा

३ मार्च, मंगळवार

आज दिवसभर एका माणसाची उंची सांभाळली. ज्ञानकोशातल्या एका रॅपरच्या पानावर सकाळी कुणीतरी त्याला सहा फूट दोन केलं, दुपारी दुसऱ्यानं पाच फूट चार. चाहते वाढवतात, वैरी कापतात, आणि मी मधे बसून दोघांनाही विचारतो, आधार कुठाय? खरी उंची कुणालाच ठाऊक नाही, म्हणून शेवटी ती ओळच काढून टाकली. खांदे भरून आलेत.

हे काम फुकटचं. इंटरनेटवरचा ज्ञानकोश, कुणीही लिहावं, कुणीही खोडावं, फक्त छापील आधाराशिवाय काही टिकू द्यायचं नाही हा नियम. त्या नियमासाठी मी तिथे आहे. एकतीस वर्षं वर्तमानपत्राच्या कात्रण विभागात काढली. नावाजलेल्या प्रत्येक माणसाचं एक पाकीट, आणि त्यात त्याच्याबद्दल छापून आलेलं सगळं. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण जित्याची खोड. ही म्हणते, "नोकरीत असताना कंटाळलो कंटाळलो करायचात, आता कोण बोलावतंय?" तिला काय सांगू. मला त्या रॅपरचं एक गाणंही शेवटपर्यंत ऐकवत नाही, डोकं उठतं. पण त्याचं पान माझ्या देखरेखीखाली आहे आणि चोख आहे.

५ मार्च, गुरुवार

प्रत्येक पानाच्या मागे एक चर्चेचं पान असतं, तिथे आम्ही भांडतो. तिथे आज चार ओळी आल्या. जशाच्या तशा उतरवतो:

"मी त्याची आई. तो नऊ वर्षांचा असताना माझे निधन झाले असे तुम्ही लिहिले आहे. मी जिवंत आहे. बाकी नाव बरोबर आहे."

याआधी त्याचे दोन वडील आणि एक जुळा भाऊ येऊन गेलेत. पोरं मजा करतात. मी ठरलेलं उत्तर चिकटवलं: सूचनेबद्दल आभार, कृपया विश्वसनीय प्रकाशित संदर्भ द्यावा. आणि आंघोळीला गेलो.

९ मार्च, सोमवार

तिचं उत्तर आलंय. "मी जिवंत असल्याचे कुठे छापून येते?"

हिला वाचून दाखवलं, तर भाजी निवडता निवडता म्हणाली, "तुम्ही जिवंत आहात हे कुठे छापून आलंय?"

मी म्हटलं, निवृत्तांच्या यादीत.

"ती सहा वर्षांपूर्वीची. त्यानंतरचं काय?"

हिच्यापुढे बोलण्यात अर्थ नसतो. पण दिवसभर ते डोक्यात घोळत राहिलं. संध्याकाळी नियम मोडून त्या बाईला माझा फोन नंबर दिला. नुसता ताप आहे हा.

१० मार्च, मंगळवार

सकाळी नऊला फोन. आवाज मोठा, सवयीचा. मशीनच्या आवाजात बोलणाऱ्यांचा असतो तसा. ती एका शिंप्याच्या दुकानात काज-बटणाचं काम करते. चर्चेच्या पानावरचा मजकूर दुकानातल्या कटिंगवाल्या मुलीनं टाइप करून दिला.

मी म्हटलं, "ताई, इतकी वर्षं तुम्ही गप्प होतात. आत्ताच का?"

तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. एकाचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात. दवाखान्यात फॉर्म भरताना जवळचा नातेवाईक विचारला, तिनं मुलाचं नाव सांगितलं. खिडकीतल्या कारकुनानं मान वर केली, म्हणाला, तो गाणारा? आणि मोबाइलवर पान काढून मोठ्यानं वाचून दाखवलं, की त्याची आई तर वारलेली आहे. मागची रांग हसली.

"भाऊ, मी त्याला म्हटलं, नाव वाच ना, नाव माझंच आहे. तो म्हणतो, आजी, नावं काय सारखी असतातच."

दुकानातही तेच. कटिंगवाली सोडली तर कुणाचा विश्वास नाही. तिला मागून 'राजमाता' म्हणतात.

मी परत नियम समजावून सांगितला. तिनं नीट ऐकून घेतला आणि विचारलं, "म्हणजे छापून आलं की नाव तसंच राहील ना?" मी म्हटलं, नावाचं काही नाही, प्रश्न निधनाचा आहे. पालथ्या घड्यावर पाणी.

१२ मार्च, गुरुवार

जाऊन आलो. जायचं नव्हतं, पण ही म्हणाली, "लांबून नियम सांगू नका, डोळ्यांनी बघून या."

दुकानाच्या वरच्या मजल्यावर एक खोली. पलंग, शिवणाचं मशीन, खिडकीत वाळणारे मोजे. तिनं एका पत्र्याच्या डब्यातून शाळेचा दाखला काढला. मुलाचं नाव, जन्मतारीख, आईचं नाव. रॅपरची जन्मतारीख मला झोपेतही पाठ आहे, जुळली. दाखला नववीत शाळा सोडल्याचा, म्हणजे तो पंधरा वर्षांचा असतानाचा, आणि खाली पालक म्हणून तिची सही. नऊ वर्षांच्या मुलाची वारलेली आई पंधराव्या वर्षी सही कशी करेल?

तरी मी म्हटलं, "हा खाजगी कागद आहे. छापील नाही." बोलताना माझीच मला लाज वाटली, हे इथे लिहून ठेवतो.

ती काही चिडली नाही. भांडण कसं झालं तेही सांगितलं. तो सतरा वर्षांचा होता. कामाला जायचं सोडून दिवसभर वह्या भरत बसायचा. एक दिवस तिनं त्याच्या सगळ्या वह्या, अकरा होत्या म्हणे, कपड्यांच्या टबात बुडवल्या. तो म्हणाला, आजपासून तू मला मेलीस. आणि गेला. मग पुढे त्याचं नाव झालं आणि पेपरातही आलं की आई वारली.

"मला वाटलं, त्यानंच सांगितलं असणार. तसं तो बोललाच होता ना. पण सगळ्या जगाला माझ्या नावानिशी सांगेल असं वाटलं नव्हतं."

ज्ञानकोशाचं ते पान तिनं छापून घेऊन लॅमिनेट केलंय आणि मशीनच्या वर लावलंय. तिच्या नावाखाली लाल रेघ. स्वतःच्या मरणाची ओळ कुणी भिंतीवर लावतं का? माणसं विचित्र असतात. मला वाटतं, रोज बघून राग ताजा राहावा म्हणून असेल.

१३ मार्च, शुक्रवार

काखेत कळसा आणि गावाला वळसा.

त्या ओळीला आज सहा संदर्भ आहेत. सहाही मोठ्या वर्तमानपत्रांतले लेख. म्हणून मी ती ओळ कधी तपासलीच नव्हती. आज एकेक लेख तारखेनिशी मांडला. सगळ्यात जुना नऊ वर्षांपूर्वीचा, आमच्याच पेपरातला. तो लिहिणाऱ्या वार्ताहराला फोन केला, तो आता जाहिरातीत आहे. म्हणाला, "काका, ते मी तुमच्या ज्ञानकोशातून घेतलं होतं. तिथे होतं म्हणजे खरंच असणार ना." बाकीच्या पाचांनी त्याच्यावरून घेतलेलं. आणि आम्ही ते सहा लेख आणून आमच्या ओळीला आधार म्हणून लावले. म्हणजे पोटातलंच ओकून परत ताटात वाढलं.

मग पानाचा इतिहास उघडला. तिथे प्रत्येक ओळ कुणी, कधी टाकली ते राहतं. खाली खाली गेलो. अकरा वर्षांपूर्वी, मेमधल्या एका दुपारी, आईचं नाव आणि निधनाची ओळ टाकणाऱ्याचं नाव दिसलं.

माझं.

जेवलो नाही. हिला डोकं दुखतंय म्हणून सांगितलं. ते खरंही होतं.

१६ मार्च, सोमवार

जुन्या ऑफिसात गेलो. कात्रण विभाग राहिलेला नाही, पाकिटं तळघरात खोक्यांत आहेत. पहारेकरी ओळखीचा, त्यानं सोडलं. दोन तास धूळ खाल्ली.

रॅपरच्या पाकिटात ती निधनवार्ता सापडली. माझ्याच कात्रीची, कडा सरळ. नाव, वस्ती, आणि 'अल्पशा आजाराने निधन'. बस. रॅपरचं नाव झाल्यावर कुठल्या तरी संध्याकाळी जुने अंक चाळताना ती हाती आली असेल, आईचं नाव आणि वस्ती जुळलेली बघून मी पाकिटात टाकली असेल. तारखेतून जन्मसाल वजा केलं, नऊ वर्षं आली, ज्ञानकोशात लिहिलं. गणित अगदी बरोबर.

मग त्या दिवसाचा अख्खा अंक काढला. निधनवार्ता त्या स्तंभाच्या तळाशी होती आणि उरलेल्या तीन ओळी पुढच्या स्तंभाच्या माथ्यावर गेल्या होत्या. 'त्या ७१ वर्षांच्या होत्या. त्यांच्या पश्चात तीन विवाहित मुली व नातवंडे असा परिवार आहे.'

नवीन माणूस कामावर आला की मी पहिल्या दिवशी हेच शिकवायचो. मजकूर तळाला संपला तर पुढच्या स्तंभाच्या माथ्यावर बघ. किती जणांना शिकवलं असेल. मला त्या तळघरातून वरच येऊ नये असं वाटलं.

१७ मार्च, मंगळवार

ताईंना फोन करून सांगितलं. तुमच्या मुलानं नाही, मी मारलं तुम्हाला. अकरा वर्षांपूर्वी, कात्री चुकली म्हणून.

मला वाटलं, आता शिव्या घालेल. घालायलाच हव्या होत्या. तर म्हणाली, "म्हणजे त्यानं नाही सांगितलं?"

"नाही."

"नक्की ना, भाऊ? त्याच्या तोंडचं नाही ते?"

तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा तिचा आवाज इतका हलका झाला होता की मला समजेना, मी माफी मागतोय की शुभवार्ता देतोय. पुढचं मी बोललो नाही. चार वर्षांपूर्वीच्या मुलाखतीत त्याला विचारलं होतं, आई नसताना कसे वाढलात, आणि तो म्हणाला होता, सवय होते. त्यानं सांगितलं नाही, पण खोडलंही नाही. ते तिच्या कानावर घालायची माझी हिंमत झाली नाही.

दुपारी चर्चेच्या पानावर सगळा कबुलीजबाब लिहिला. कात्रण, स्तंभ, ७१ वर्षं, सगळं. आणि ती ओळ काढली.

चाळीस मिनिटांत परत आली.

१८ मार्च, बुधवार

परत लावणारा म्हणजे लाल पेन. त्याला कधी पाहिलेलं नाही. ज्ञानकोशावर माझ्याइतकाच जुना, काटेकोर, नियमाला पक्का. मी मनातल्या मनात त्याला लाल पेन म्हणतो. एरवी आम्ही एका बाजूचे. आज त्यानं लिहिलं:

"सहा विश्वसनीय संदर्भ विरुद्ध एका संपादकाची आठवण. शिवाय मुलाखतीत स्वतः गायकानं इन्कार केलेला नाही. आपला आदर आहे, पण आपण स्वतः संदर्भ होऊ शकत नाही."

मी लिहिलं, अरे बाबा, ते सहाही माझ्याच पोटचे आहेत. तो म्हणाला, तसं कुठे छापून आलंय का? 

राग यायला हवा होता. पण हे वाक्य मी स्वतः किमान हजार लोकांना ऐकवलंय. त्याच्या जागी मी असतो तर हेच केलं असतं, आणि वर स्वतःवर खूश झालो असतो.

२३ मार्च, सोमवार

मार्ग एकच. आमच्या पेपरानं नऊ वर्षांपूर्वीचा तो लेख चुकला असं छापायचं. संपादक आता टाचणी आहे. माझ्या हाताखाली लागला तेव्हा कात्रणांना टाचण्या लावायचा, म्हणून ते नाव; आता त्याच्या केबिनबाहेर बसून राहावं लागतं. बसलो. पाऊण तास.

भेटला मात्र उठून. चहा मागवला. सगळं ऐकून म्हणाला, "सर, नऊ वर्षांनी चूक छापायची? कोण वाचणार?"

"एक बाई वाचेल. कुणाकडून तरी वाचून घेईल."

त्यानं माझ्यासमोरच रॅपरच्या व्यवस्थापकाला फोन लावला. व्यवस्थापक म्हणाला, "सर घरच्या गोष्टींवर बोलत नाहीत. आम्ही हो म्हणत नाही, नाहीही म्हणत नाही." टाचणीनं विचारलं, निदान त्यांना कळवाल का, की त्यांच्या आईनं विचारणा केलीय? पलीकडून उत्तर आलं, "त्यांना माहीत आहे. दर वर्षी पत्र येतं त्यांचं."

पत्राचं मला माहीत नव्हतं.

टाचणीनं फोन ठेवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "दाखल्याची प्रत पाठवा सर. वकिलाला दाखवतो."

२७ मार्च, शुक्रवार

दाखल्याची प्रत देऊन चार दिवस झाले. वकील बाहेरगावी. पाय सुजलेत. ही म्हणाली, "हे तुम्ही तिच्यासाठी करताय की तुमच्या कात्रीसाठी?"

मी म्हटलं, दोन्ही एकच.

"एकच कसं असेल?" म्हणाली आणि दळण आणायला गेली. काही वेळा ती मुद्दाम वाद घालते.

२ एप्रिल, गुरुवार

आलं. पाचव्या पानावर, खाली डावीकडे, हवामानाच्या शेजारी. 'या दैनिकातील लेखात गायकाच्या आईचे ते बालवयात असताना निधन झाल्याचा उल्लेख होता. तो चुकीचा होता. त्यांच्या आई हयात आहेत. चुकीबद्दल दिलगीर आहोत.' नाव वकिलानं काढायला लावलं. खाजगी व्यक्ती आहे म्हणे. ते योग्यच आहे.

तीन अंक घेतले. एकतीस वर्षांत माझं स्वतःचं असं काही छापून आलं नव्हतं; हे आलं, तेही बिननावाचं आणि दिलगिरीचं. तरी आज बऱ्याच दिवसांनी दुपारी झोप लागली.

३ एप्रिल, शुक्रवार

चर्चेच्या पानावर छापील संदर्भ दिला. लाल पेननं तासाभरात मान्य केलं, वर "आपल्या चिकाटीला नमस्कार" असंही लिहिलं. मग त्यानं नियमाप्रमाणे पान साफ केलं. जिवंत, खाजगी व्यक्तीचं नाव छापील आधाराशिवाय पानावर ठेवायचं नाही, म्हणून नावासकट पूर्ण ओळ काढली. सहा संदर्भही गेले. 'बालपण' या भागात आता फक्त शाळा आणि जन्मगाव आहे. खोटं एक अक्षर नाही. अकरा वर्षांत पहिल्यांदाच ते पान खरोखर चोख झालं.

ताईंचा फोन लागला नाही. ऑपरेशन बुधवारी आहे. गुरुवारी स्वतःच जाऊन सांगावं म्हणतो.

९ एप्रिल, गुरुवार

गेलो होतो. कालचं ऑपरेशन नीट झालं. डाव्या डोळ्यावर पट्टी, उजव्यात अजून मोतीबिंदू, त्यामुळे दार उघडून तिनं आधी आवाजावरूनच ओळखलं. दवाखान्यात कटिंगवाली सोबत होती. फॉर्मवर नातेवाईक म्हणून तिनंच सही केली.

पेपरातलं तिला आधीच कळलं होतं. दुकानात सगळ्यांनी वाचलं म्हणे. मी विचारलं, मग आता राजमाता म्हणणं बंद झालं असेल?

"नाही. म्हणतात, यात तुझं नाव कुठाय? कुणाची तरी आई हयात असेल."

मी म्हटलं, ते सोडा, पान बघू, आणि मोबाइल काढला. ती पलंगावर नीट मांडी घालून बसली, केस कानामागे केले, फोटो काढायचा असल्यासारखी. मी 'बालपण' वाचलं. जन्मगाव. शाळा. नववीत शिक्षण सोडलं. मग गाणी.

"आणि?" ती म्हणाली.

"एवढंच. ते निधनाचं गेलं बघा, पार गेलं."

"आणि माझं नाव?"

मी सांगितलं. जिवंत खाजगी व्यक्ती, त्यांच्या भल्यासाठीच नियम आहे, उद्या कुणी त्रास देऊ नये म्हणून. बोलता बोलता माझ्याच लक्षात येत गेलं, आणि तरी मी बोलत राहिलो, कारण थांबलो असतो तर तिच्याकडे बघावं लागलं असतं.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाली, "भाऊ, ते पहिलं होतं तसं करता येईल का?"

"अहो, त्यात तुम्ही मेलेल्या होतात."

"हो. पण त्याची आई होते."

मी म्हटलं, आता नाही करता येणार. त्याला आधार राहिलेला नाही. सहाही संदर्भ खोटे आहेत असं आम्हीच छापून आणलं, ते आता कुणी परत लावू देणार नाही.

"तुम्ही मोठे आहात ना तिथे."

"म्हणूनच नाही, ताई."

ती बरं म्हणाली. एवढंच. मी बराच वेळ बसून राहिलो, तिनं जा म्हटलं नाही आणि मला उठवेना. शेवटी खालून शिंप्यानं हाक मारली, उद्या कामावर येणार का विचारायला. ती म्हणाली, एका डोळ्यानं बटणं लावीन, काजं नाही जमणार.

घरी आलो. ही दारातच होती. काय म्हणाली ते सांगितलं. मला वाटलं होतं ही म्हणेल, मी सांगत होते. तसं काही म्हणाली नाही. पाणी आणून दिलं आणि शेजारी बसली.

रॅपरच्या पानावर कुणीतरी परत उंची टाकलीय. सहा फूट दोन. मी बघितली आणि तशीच राहू दिली.